मंगळवारची गोळी

१२ जानेवारी

चि. भोंगूस,
आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकली असशील, म्हणून आधीच सांगतो: मी ठणठणीत आहे. ठणठणीत राहायचं आहे म्हणूनच हे लिहितोय. आजपासून तू मला फोन करायचा नाहीस. जे सांगायचं ते पत्रानं. कारण समजावून घे, मग चिडायचं तर चीड.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी माझा रक्तदाब तपासला. थोडा वर होता. ते म्हणाले, "मनाला त्रास होईल असं काही टाळा." मी विचारलं, नक्की काय काय टाळू? ते म्हणाले, ते तुमचं तुम्ही बघा. तू मला ओळखतेस. अख्खी नोकरी मी लोकांचे तराजू आणि मापं तपासण्यात घालवली. "तुमचं तुम्ही बघा" असं मी एकाही दुकानदाराला कधी म्हटलेलं नाही. मी लगेच रक्तदाब मोजायचं एक यंत्र घेतलं. घरी आणल्यावर पहिल्यांदा ते टेबलाच्या पायाला बांधून पाहिलं. यंत्रानं "चूक" असं दाखवलं. म्हणजे ते लाकडाला माणूस म्हणत नाही, प्रामाणिक आहे. मग त्याच्या मागच्या बाजूला मी माझा जुना शिक्का मारला.

तेव्हापासून यंत्र पिशवीत घालून सगळीकडे नेतो. ज्याच्यासमोर असेन त्याच्यासमोरच मोजतो. पेपरवाला आला, दाब सरळ. वरच्या मजल्यावरचा ट्रम्पेटवाला तीच एक धून वाजवतो आणि रोज त्याच जागी अडखळतो, तेव्हा दाब थोडा चढतो. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले की आणखी थोडा. पण तुझा फोन वाजला की आकडा असा उडतो की मी यंत्र दोनदा झटकून पाहिलं.

याहून वरचा आकडा एकाच ठिकाणी मिळाला. कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान आहे, ते एक बाई चालवतात. तिथे तर यंत्र किंचाळायला लागलं. सबब मी तिथे जाणं बंद केलं आहे. बाईंना रीतसर कळवलं: "बाई, तुमच्यामुळे माझा रक्तदाब वाढतो असं निदर्शनास आलं आहे. यापुढे मी येणार नाही. कृपया वाईट वाटून घेऊ नये." त्यांनी माझ्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करून दिला आणि आत निघून गेल्या.

तूही वाईट वाटून घेऊ नये.

तुझा,
दादा


१८ जानेवारी

दादा,

नमस्कार वगैरे काही नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली आहे आणि तिथेच बसली आहे.

मी तुझी सख्खी बहीण. तुझी खुशाली विचारायला दर रविवारी फोन करते. आणि मी सेक्रेटरीपेक्षा घातक? त्या ट्रम्पेटवाल्यापेक्षा? लहानपणी माझा आवाज मोठा म्हणून तू माझं नाव भोंगू ठेवलंस, तेही मी हसत चालवून घेतलं. आता त्याच भोंग्याची तुला भीती वाटायला लागली! तुझं पत्र दुकानातच वाचलं आणि वाचता वाचता एका माणसाला खोकल्याच्या औषधाऐवजी केसांचं तेल दिलं. तो परत आलेला नाही. प्यायला नसेल अशी आशा आहे.

आणि हे यंत्र घेऊन गावभर हिंडणं कशाला? मी औषधांचं दुकान चालवते, तुझ्यासारखे रोज बघते. परवा एक बाई रडत आली. नव्या गोळ्यांनी मळमळतंय, चक्कर येतेय, अंगावर पुरळ उठलंय, कानात शिट्टी वाजतेय. मी म्हटलं, बघू गोळ्या. पाकीट सीलबंद! बाईंनी गोळी घेतलीच नव्हती. सोबतचा कागद तेवढा दिव्याशी धरून वाचला होता. आणि पुरळ खरंच होतं हां, मी दंडावर पाहिलं. मनानं नुसतं ठरवलं की अंग बिचारं मान तुकवतं.

बरं, ते राहू दे. मला सांग, तू चष्म्याच्या दुकानात करत काय होतास? तुझा चष्मा तर नवा कोरा आहे. किती वेळा जातोस? ह्या बाई कोण? सविस्तर लिही. मी चिडलेली आहे हे विसरू नकोस.

भोंगू

ता. क. माझं बीपी अगदी उत्तम आहे. तुझं पत्र वाचायच्या आधी होतं.


२५ जानेवारी

चि. भोंगूस,
आशीर्वाद.

तुझे प्रश्न अवांतर आहेत, तरी उत्तर देतो. माझ्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू ढिला होतो. आठवडाभरात काडी लुळी पडते. म्हणून मंगळवारी जावं लागे. मंगळवारीच का, तर त्या दिवशी गर्दी नसते. बाईंबद्दल मला विशेष माहिती नाही. एकट्या आहेत, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दुकान वडिलांपासूनचं, कॉफी बिनसाखरेची घेतात, हसताना आधी डावी भुवई वर जाते. एवढंच.

त्यांच्या दुकानात गेलं की मला काय होतं ते सांगतो, म्हणजे प्रकरणाचं गांभीर्य तुला कळेल. तोंडाला कोरड पडते. तळवे ओले होतात. कान तापतात. एकदा त्यांनी पावतीवर लिहायला पत्ता विचारला, तर मला माझाच घर नंबर आठवेना. चष्मा पुसायचं फडकं मला नको होतं, तरी मी तीन घेतली. माझा तर्क असा की भिंगं धुवायला त्या जे निळं पाणी वापरतात, त्याची वाफ दुकानात साचत असावी.

आता जाणं बंद केल्यापासून रक्तदाब खाली आला आहे. उपाय लागू पडला. बाकी किरकोळ तक्रारी आहेत. भूक लागत नाही. झोप उडाली आहे. जेवणाला चव नाही. काल डाळीत मीठ घालायचं राहिलं ते ताट संपल्यावर लक्षात आलं. ट्रम्पेटवाला त्याच जागी अडखळतो तेव्हा हल्ली रागही येत नाही, नुसतं वाईट वाटतं, आणि त्याचं कारण कळत नाही. पण आकडा खाली आहे, आणि मला आकड्याशी मतलब आहे.

त्यात स्क्रूही आता ढिला होत नाही, हा आणखी एक फायदा.

तुझा,
दादा


९ फेब्रुवारी

ती. दादास नमस्कार,

राग गेला. पत्र वाचून काळजीत पडले. तुझं हे पत्र मी आमच्या शेजारच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं. ते फार गंभीर झाले. तोंडावर रुमाल धरून बराच वेळ खिडकीबाहेर बघत उभे होते, खांदे सारखे हलत होते. नंतर म्हणाले की केस हाताबाहेर जाण्याआधी उपचार व्हायला हवा.

दादा, ते निळं पाणीच. तुझा तर्क अगदी बरोबर. अशा वाफेची शरीराला एकदा सवय लागली आणि ती अचानक तोडली, की भूक-झोप जातेच. यावर एक गोळी आहे, ती सोबत पाठवते आहे. पांढरी, गोल, थोडी गार लागेल. पण घ्यायची पद्धत काटेकोर आहे, आणि तुझ्याइतकी काटेकोर माणसं जगात फार नाहीत, म्हणून मी निर्धास्त आहे.

गोळी फक्त मंगळवारी घ्यायची. त्या दुकानातच, खुर्चीवर बसून. पाणी तिथलंच, आणि बाईंनीच दिलेलं, कारण मात्रा त्यांच्या हवेशी जुळायला हवी. गोळी चघळायची, गिळायची नाही. विरघळेपर्यंत उठायचं नाही. आणि तोवर गप्प बसलास तर औषध घशाशीच राहतं, म्हणून काहीतरी बोलत राहायचं. हवापाण्यावर बोल, भिंगांवर बोल, काहीही चालेल. यंत्र घरी ठेव, गोळीशी त्याचं जमत नाही.

सांगितलं तसं कर. एवढं माझं ऐक.

तुझी,
भोंगू


२१ फेब्रुवारी

औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाईंना,
स. न.

आपली ओळख नाही. आपला पत्ता एका गोळ्यांच्या पाकिटावरच्या छापावरून घेतला, त्याबद्दल क्षमस्व. मी चष्मे करते. आपले बंधू (गोळी बहिणीनं पाठवली, असं त्यांनीच सांगितलं) माझे गिऱ्हाईक आहेत. म्हणजे होते, नंतर नव्हते आणि आता पुन्हा आहेत. हे नक्की काय चाललं आहे ते विचारायला लिहिते आहे.

जानेवारीत त्यांनी माझ्या काउंटरवर दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि मला सांगितलं की मी त्यांच्या तब्येतीला बरी नाही. इतकी वर्षं दुकान चालवते. भिंगं जाड झाली, नंबर चुकला, फ्रेम नाकाला टोचते, अशा तक्रारी ऐकल्या आहेत. पण दुकानदारच तब्येतीला वाईट, ही तक्रार नवी होती. त्या दिवशी मी एका गृहस्थांना त्यांच्या बायकोचा चष्मा घालून घरी पाठवलं.

आता गेले दोन मंगळवार ते येतात, खुर्चीवर बसतात, माझ्याकडे पाणी मागतात, एक गोळी तोंडात टाकतात आणि हवामानावर बोलायला लागतात. एकदा बोलण्यासारखं हवामान संपलं, तेव्हा त्यांनी मला खोट्या वजनांबद्दल सांगितलं. दगडात शिसं कसं भरतात, तराजूच्या पारड्याखाली मेण कसं चिकटवतात. मी खूप हसले. त्यांनी विचारलं, हसण्यासारखं काय आहे? तर मला आणखी हसू आलं. मग गोळी संपली आणि ते वाक्य अर्धं सोडून उठले. परवा त्यांच्या हातातून एक गोळी खाली पडली. ते गेल्यावर मी उचलून वास घेतला. बाई, ती पेपरमिंट आहे. खरं ना?

आणखी एक. त्यांच्या चष्म्याचा स्क्रू आपोआप ढिला होऊच शकत नाही. मी तो इतका आवळते की काढायला मलाही पक्कड लागते. कोणीतरी तो दर आठवड्याला बारीक पेचकसानं उघडतं. ते मी नाही.

मी हे सगळं एरवी हसून सोडून दिलं असतं. पण मी दुकान द्यायचं ठरवलं आहे. भाचीनं बोलावलंय, तिच्या गावी समुद्र आहे, मार्चअखेर जायचं आहे. बोर्ड कालच लावला. हे ठरवलं ते जानेवारीत, पट्ट्याचा प्रकार झाल्यानंतरच्या आठवड्यात. तोवर भाचीला मी दर वेळी काहीतरी कारण सांगून टाळत होते.

म्हणून स्पष्ट विचारते. आपल्या भावाच्या जिवाला खरंच धोका आहे का? असेल तर त्यांना खुर्चीवर बसवून घेणं मला पटत नाही. आणि नसेल, तर मला सांगाल का की त्यांना झालंय काय?

आपली,
कोपऱ्यावरची चष्मेवाली


२६ फेब्रुवारी

ताई,
(ताई म्हटलं तर चालेल ना?)

पेपरमिंट आहे. खोटं बोलणार नाही. माझ्या काउंटरवरच्या बरणीतली, मुलांना देते ती.

दादाला काय झालंय ते मला कळलं, तुम्हालाही कळलंय, आमच्या डॉक्टरांना तर हसून हसून उचकी लागली. ज्याला झालंय त्यालाच काय ते कळायचं बाकी आहे. तो यंत्राशिवाय स्वतःला ताप आलाय हेही मानायचा नाही. मी त्याला सरळ सांगितलं असतं तर तो घाबरून दुसऱ्या गावी राहायला गेला असता, म्हणून हा पेपरमिंटचा उद्योग.

वहिनी गेल्यापासून तो मुळी कुठे जातच नव्हता, ताई. घराबाहेर पडायला निमित्त हवं म्हणून तो स्वतःच स्क्रू ढिला करतो हे मला तुमच्या पत्रातून कळलं, आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत जाऊन रडले. आनंदानं. गिऱ्हाईक बाहेर टकटक करत होतं.

बोर्ड लगेच काढा असं मी म्हणणार नाही, मला तो हक्क नाही. एवढंच विचारते. मंगळवारी तो दारात दिसला की तुम्हाला काय होतं?

भोंगू
(हे नाव त्यानंच ठेवलंय. आवाजावरून. भेटलात की कळेल.)


४ मार्च

चि. भोंगूस,
आशीर्वाद.

गोळी जालीम आहे. पहिल्याच मंगळवारनंतर झोप लागली. दुसऱ्यानंतर भूक इतकी वाढली की मी आमटीसाठी भाकरी आणि भाकरीसाठी आमटी असं करत राहिलो. ट्रम्पेटवाल्याची धून चांगली आहे असं माझं मत होत चाललं आहे. डॉक्टरांना माझे आभार कळव.

तरी दोन गोष्टी नोंदवायच्या आहेत. पहिली ही की गेल्या वेळी मी तुझी सूचना मोडून यंत्र नेलं, पिशवीतल्या पिशवीत पट्टा बांधला आणि मोजलं. आकडा जानेवारीपेक्षाही वर होता. म्हणजे गोळीनं भूक सुधारली, झोप सुधारली, पण मूळ आजार वाढला. हे शास्त्रात कसं बसतं ते विचार.

दुसरी गोष्ट. दुकानावर "दुकान देणे आहे" असा बोर्ड लागला आहे. बाई मार्चअखेर जाणार. तब्येतीच्या दृष्टीनं हे उत्तमच झालं. कारणच नाहीसं होईल, मग गोळीही नको.

बोर्ड वाचला त्या दिवशी मी घरी आलो आणि कुलूप उघडायला चष्म्याचं घर वापरत होतो. शेजाऱ्यानं दाखवल्यावर लक्षात आलं. तेव्हापासून जेवण गेलेलं नाही. छातीवर कोणीतरी माझ्याच पेटीतलं सगळ्यात मोठं पितळी वजन ठेवल्यासारखं वाटतं. आकडा मात्र खाली आहे. अगदी आदर्श. मी तो बघत बसतो.

याहून कडक गोळी असेल तर पाठव. मार्च संपायच्या आत पोचेल असं बघ.

तुझा,
दादा


८ मार्च

दादा,

कडक गोळी नाही. आधीचीही नव्हती. तू चघळलंस ते पेपरमिंट होतं, माझ्या काउंटरवरचं. निळ्या पाण्याची वाफ वगैरे मी रचलं. आता बस खाली आणि मी ओरडते आहे असं समजून पुढचं वाच.

ती भूक पेपरमिंटनं आणली नाही, वेड्या. ती मंगळवारी त्या खुर्चीवर बसून खोट्या वजनांच्या गोष्टी सांगितल्यानं आली. (मला कसं कळलं ते विचारू नकोस.) डॉक्टर आता रुमाल न धरता सांगतात ते ऐक. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी बसलेल्या असतात. मनात खळबळ झाली की त्या रक्तात एक रस सोडतात, मग काळीज धावतं, तळवे घामेजतात, तोंड कोरडं पडतं. पण त्यांच्याकडे घंटा एकच आहे. चोर आला तरी तीच वाजते आणि जिवाचं माणूस आलं तरी तीच. कोण आलंय ते दार उघडून आपण बघायचं असतं. तू घंटा वाजली की दाराला कडी लावतोस आणि वर तिचा आवाज मोजतोस!

तू घर नंबर विसरलास. तीन फडकी घेतलीस. तुला तिची भुवई कुठली वर जाते ते माहीत आहे. अरे, तुझ्यापेक्षा तो ट्रम्पेटवाला लवकर समजला असता.

आणि माझ्या फोनचं. त्यावरही मी बरीच रुसले होते, पण मग बसून विचार केला. वहिनी गेली तेव्हा तू तपासणीच्या दौऱ्यावर होतास. तुला फोनवर ते मी सांगितलं. माझ्याच आवाजात ऐकलंस. तेव्हापासून फोन वाजला आणि पलीकडे मी असले, की तुझं अंग आधी तीच बातमी ऐकतं, मी भाजी काय केली ते नंतर. तुला हे माहीत नसेल. मला माहीत असायला हवं होतं. मीसुद्धा तेव्हापासून तुला फोन लावण्याआधी आवाज मऊ करून बघते, तरी जमत नाही. तुझ्यावर माझा राग नाही, दादा. मला फार वाईट वाटलं, तुझ्यासाठी.

आता तुझ्याच भाषेत सांगते, कारण दुसरी तुला कळत नाही. लहानपणी मला तुझ्या पेटीतली वजनं हाताळू द्यायचास तेव्हा काय शिकवलंस? एक काटा एकटा कधी तपासता येत नाही. तो बरोबर की चूक हे कळायला तेच वजन दुसऱ्या काट्यावर टाकून बघायचं. मग तू एका काट्यावरून निकाल कसा दिलास? दुसरा काटा काउंटरच्या पलीकडेच उभा आहे. तो तपासलास?

जा. मार्च पळतोय.

भोंगू


१८ मार्च

दादा,

उत्तर नाही. दहा दिवस झाले. रुसलास, आजारी पडलास की समुद्राच्या गावी पळालास? फोन करायची बंदी आहे म्हणून गप्प आहे, नाहीतर आतापर्यंत तुझ्या भिंती हलल्या असत्या. मी काल एका आजोबांना मलम कसं लावायचं ते सांगताना "दोन घास जेवणानंतर" म्हणाले.

निदान कार्ड टाक.

भोंगू


२२ मार्च

चि. भोंगूस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड टाकणार होतो, पण मजकूर कार्डात मावेना.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रागानं उरलेलं सगळं पेपरमिंट एकदम खाल्लं. मला फसवलंस म्हणून नव्हे. मी फसलो म्हणून. ज्याच्यासमोर व्यापारी चळाचळा कापत, त्याला सख्ख्या बहिणीनं मुलांच्या बरणीतून औषध दिलं आणि त्यानं मंगळवार पाळले! मग तुझ्या पत्रातला फोनचा भाग पुन्हा वाचला. आणि पुन्हा. तू म्हणतेस ते खरं आहे. मला माहीत नव्हतं. यंत्रानं फोन दाखवला, त्याच्या मागचं काही दाखवलं नाही. त्यानंतर काही दिवस मी नुसता बसून होतो.

सोमवारी मात्र उठलो. मंगळवार नाही, सोमवार. गोळी नाही, स्क्रू घट्ट. यंत्र घेतलं आणि दुकानात गेलो. खोकी भरून ठेवली होती, भिंतीवरच्या फ्रेम उतरवल्या होत्या. बाई म्हणाल्या, "आज सोमवार आहे."

मी म्हटलं, "तपासणीला आलो आहे. आपला दंड मिळेल का?"

त्या म्हणाल्या, "आधी नोटीस द्यावी लागत नाही का?"

मी म्हटलं, "अचानक तपासणी जास्त खरी असते." माझा आवाज ट्रम्पेटवाल्यासारखा त्याच जागी अडखळला.

त्यांनी बाही वर केली. पट्टा मी बांधला. आधी उलटा, मग सरळ. मग यंत्र फुगलं, थांबलं, आणि किंचाळलं. भोंगू, अगदी तसंच. मी आकडा बघितला. मग पट्टा माझ्या दंडाला बांधला आणि तोही बघितला. जवळजवळ एकच. एवढा फरक तर मी सोनाराच्या काट्यालाही माफ केला असता.

त्या कान लाल करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मग, साहेब? दोन्ही काटे जप्त?"

मी म्हटलं, "नाही. दोन्ही बरोबर आहेत."

आणि त्यांची डावी भुवई वर गेली.

त्यानंतर मी खिशातला बारीक पेचकस काढून काउंटरवर ठेवला. तो माझ्या खिशात कसा येत असे हे मला खरंच नीट सांगता येत नाही. त्यांनी तो उचलून गल्ल्यात टाकला आणि म्हणाल्या की मला तो परत मिळणार नाही, पण रोज येऊन बघता येईल. बोर्डाची मागची बाजू कोरी होती. तिच्यावर "दुकान चालू आहे" असं मी माझ्या हातानं लिहिलं, सरकारी अक्षरात. खोकी उघडायचं काम चालू आहे. भाचीकडे आम्ही सुट्टीत जाऊ, समुद्र बघायला. डॉक्टरांनी माझा दाब पुन्हा तपासला. मागच्या वेळेपेक्षा कमी आहे. म्हणाले, "काय टाळलंत?" मी म्हटलं, टाळणं टाळलं. यंत्र सेक्रेटरींना देऊन टाकलं आहे, ते आता माझ्यासमोर मोजतात.

तुझ्यावर घातलेली बंदी मागे घेतो. पण या वेळी फोन तू करायचा नाहीस, मी करणार. रविवारी सकाळी. या इथे शेजारी बसल्या आहेत, त्यांना तुझा आवाज ऐकायचा आहे, म्हणतात फार ऐकून आहे. तू मऊ करू नकोस, आहे तसाच असू दे.

घंटी वाजली की दचकू नकोस. मी असेन, आणि बातमी चांगली आहे.

तुझा,
दादा